खिळ्यांच्या भोकांसह: आमच्या कार्यशाळेची वाटचाल

पुण्याच्या पेठांमधील एखादा वाडा उतरवला जातो, तेव्हा त्याच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्या आणि दारांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि तेथून आमच्यासारख्या कारागिरांच्या हाती येतात. धायरीतील आमच्या कार्यशाळेत या सागवानाची मेजे, बाक, कपाटे आणि दिवे होतात. गेली काही वर्षे आम्ही घरांच्या अंतर्गत सजावटीची कामेही घेतो. व्यवसायाची सुरुवात आम्ही पती-पत्नींनी केली. मी सुतारकाम शिकलेलो होतो आणि पत्नी छायाचित्रकार होती. आमचे मिस्त्री नंतर येऊन मिळाले, आणि त्यांच्याबरोबर या धंद्याला खरी शिस्त आली. नवा ग्राहक आला की तो बहुधा एकच प्रश्न विचारतो, तुम्हाला या वस्तू सुचतात कशा? त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आरंभी आम्ही इतरांप्रमाणेच काम केले. ग्राहक मोबाइलवर एखादे चित्र दाखवत असे आणि आम्ही तसेच मेज करून देत असू. त्यात पैसा वेळेवर मिळत होता आणि तक्रारीला जागा नव्हती. परंतु जुने सागवान या पद्धतीला जुमानत नाही, हे लवकरच लक्षात आले. हे लाकूड घनफुटावर विकत घ्यावे लागते, आणि खिळे, कीड व जुन्या खाचा यांमुळे त्यातले किती वाया जाणार, हे ते करवतीखाली गेल्याशिवाय कळत नाही. वरून अखंड दिसणाऱ्या तुळईच्या पोटात घडीव लोखंडी खिळा निघतो आणि करवतीचे दात जातात. जेथे कड्या, म्हणजे छताचे आडवे वासे, बसवलेल्या असतात, तेथे ठरावीक अंतराने खाचा येतात. चित्रातील मेजासाठी या साऱ्या खुणा कापून टाकायच्या, तर हाती उरणारे लाकूड इतके थोडे की नवे सागवान घेणे स्वस्त पडावे. तेव्हा आम्ही क्रम उलटा केला. आधी लाकूड फोडून, घासून पाहायचे, त्याच्या खुणांची नोंद करायची आणि मग त्यातून काय होऊ शकेल हे ठरवायचे.

ही नोंद पत्नीने कॅमेऱ्याने करायला सुरुवात केली, आणि छायाचित्रण आमच्या कामात शिरले ते असे, हिशेबाच्या वहीसारखे. प्रत्येक तुळईचे चारही बाजूंनी, तिरक्या उजेडात छायाचित्र घेतले जाते. समोरून प्रकाश टाकला तर लाकूड सपाट दिसते. उजेड एका बाजूने आला की रंध्याचा, वाकसाचा (लाकूड तासण्याच्या हत्याराचा) आणि माणसांच्या वावराने झिजलेल्या कडेचा माग दिसू लागतो. चित्र कृष्णधवल करून पाहिले की रंगाचा मोह सुटतो आणि उरतो तो केवळ गडद-फिक्याचा तोल. आता आम्ही ग्राहकांच्या घरांचीही अशीच छायाचित्रे घेतो, सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा. कपाट कोणत्या भिंतीला असावे, या वादाचा निकाल पुष्कळदा या दोन चित्रांतच लागतो.

याच काळात पत्नीने मला एझेन आत्जे या फ्रेंच छायाचित्रकाराच्या कामाची ओळख करून दिली. आत्जे (१८५७–१९२७) हा स्वतःला कलावंत म्हणवून घेत नसे. ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशा अर्थाची पाटी लावून तो चित्रकारांना, लोहारकाम व सजावट करणाऱ्यांना आणि नाटकाचे नेपथ्य रचणाऱ्यांना पॅरिसमधील दारे, जिने, कठडे आणि दुकाने यांची छायाचित्रे विकत असे. म्हणजे तोही एक छोटा व्यावसायिकच होता. १९१०च्या सुमारास त्याने पॅरिसमधील घरांच्या आतल्या खोल्यांची एक मालिका केली, आणि माझ्या मते आमच्या धंद्यातील प्रत्येकाने ती एकदा तरी पाहावी. त्यात श्रीमंताची बैठक आहे, तशी कामगाराची खोलीही आहे. चुलीवरच्या फळीवर दाटीने मांडलेल्या बारीकसारीक वस्तू, विटलेला भिंतीचा कागद, पलंगाशेजारी टेकवलेले काहीतरी, हे सारे त्याने जसे होते तसे घेतले. खोल्यांत माणूस नाही, तरीही तेथे कोण राहत असेल याचा अंदाज येतो. आजच्या सजावटीच्या मासिकांत याच्या नेमके उलट घडते. छायाचित्रकार येण्यापूर्वी चार्जर, औषधांची डबी आणि देवघरातील तेलाचे डाग हटवले जातात, रुंद भिंगाने खोली दुप्पट करून दाखवली जाते, आणि शेवटी ती कोणाचीच राहत नाही.

आपल्याकडील उदाहरण द्यायचे तर ज्योती भट्ट यांचे. भावनगरात १९३४ साली जन्मलेले आणि बडोद्याच्या कलापरंपरेत घडलेले भट्ट यांनी गुजरात, राजस्थान आणि इतर भागांत हिंडून भिंती व जमिनी रंगवणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेतली. त्यांत नुसता नक्षीचा नमुना नसतो. नक्षी, ती काढणारा हात आणि शेजारची खाट असे सगळे एका चौकटीत येते. भिंत सजवणे हे राहण्याचेच एक अंग आहे, ही गोष्ट मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या चित्रांतून अधिक चांगली कळली.

संगीताची वाट मिस्त्रींमुळे उघडली. त्यांचे आजोळ मिरजेचे, आणि त्यांचे मामा तेथे तंबोरे बनवणाऱ्यांकडे कामाला होते. मिरजेत वाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी हा व्यवसाय धरला, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून मापे आधी ठरवून त्यांत भोपळा कोंबता येत नाही. हाती आलेल्या भोपळ्याचा घेर आणि गोलाई पाहून वाद्य बेतले जाते. तुळईबाबत आम्ही धडपडून जे शिकत होतो, ते तेथे काही पिढ्यांपासून सहज चालू होते.

त्याहून महत्त्वाचा धडा जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या गुंजणाऱ्या नादाचा. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार छेडली की ती या माथ्याला अगदी पुसटशी घासत राहते, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा योग्य जागी आला की तो भरलेला, गुंजणारा नाद उमटतो. गिटार करणाऱ्याच्या लेखी तारेचे असे घासणे हा दोष ठरतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या वाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, तार ज्या ठिकाणी छेडल्यास एखादा उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारा वरचा स्वर) नियमाप्रमाणे उमटूच नये, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो. आणि त्याचे कारण घोडीच्या या घडणीत आहे. यातली मेख अशी की, हा ‘दोष’ आपोआप येत नाही. जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा कानसेने कणाकणाने घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. घासणे थोडे अधिक झाले तर नाद बसतो, कमी राहिले तर तो कोरडा येतो.

आमच्या कामातील अपूर्णतेबद्दलचा विचार तेथून स्पष्ट झाला. खिळ्याचे भोक राखायचे, तर त्याच्या कडा बोटाला लागणार नाहीत अशा मऊ कराव्या लागतात. तुळईची खाच मेजाच्या पृष्ठभागावर ठेवायची, तर तिच्यात खरकटे साठणार नाही अशी ती भरावी किंवा खुली करावी लागते. जुन्या आणि नव्या लाकडाचा सांधा दिसू द्यायचा असेल, तर कुसू (सांध्यासाठी काढलेले लाकडाचे टोक) खाचेत इतके घट्ट बसावे लागते की दिसणाऱ्या सांध्याची लाज वाटू नये. वरून जवसाचे तेल आणि मेण, एवढेच. जाड चकचकीत पॉलिश आम्ही करत नाही, कारण त्याखाली सारे एकसारखे दिसू लागते. सध्या नव्या लाकडाला साखळीने झोडपून, कडा मुद्दाम घासून जुनेपणा आणण्याची फॅशन आहे. अशी मागणी आमच्याकडेही येते आणि आम्ही ती नम्रपणे नाकारतो. जे घडलेच नाही त्याच्या खुणा विकणे मला पटत नाही.

घरांच्या सजावटीत हाच विचार निराळ्या रूपाने पुढे येतो. मध्यमवर्गीय मराठी घर मुळातच नाना काळांच्या वस्तूंचे असते. आजीचे शिसवी कपाट, लग्नात मिळालेला सोफा, स्टीलची मांडणी, पेटी, गौरी-गणपतीचे सामान भरलेली ट्रंक, मुलांनी ऑनलाइन मागवलेले लोखंडी रॅक. बहुतेक सजावटकार प्रथम हे सगळे हलवायला सांगतात आणि मग एकाच रंगाच्या सनमायकाने घर भरतात. आम्ही आधी घरातील वस्तूंची यादी करतो आणि कोणती वस्तू कोणाच्या रोजच्या वापरात आहे ते विचारतो. कोलंबोतील जेफ्री बावा या वास्तुशिल्पीच्या घराचे उदाहरण मी अशा वेळी देतो. १९५८ नंतर सुमारे दहा वर्षांत त्यांनी एका गल्लीतील चार छोटी घरे एकेक करून ताब्यात घेतली आणि ती आतून जोडत नेली. जुन्या इमारतींतून आणलेले खांब आणि दारे त्यात सामावली. तेथे एका शैलीचा हट्ट नाही, तरी गोंधळही नाही, कारण प्रत्येक वस्तूमागे थोडी मोकळी भिंत आणि थोडा उजेड राखलेला आहे.

ही मोकळीक राखणे हेच आमचे मुख्य काम झाले आहे. विलंबित ख्यालात सम (तालाची पहिली मात्रा) येण्याआधी गायक जशी जागा सोडतो, तशी दोन जड वस्तूंमध्ये जागा सोडावी लागते. बोलण्याच्या ओघात मिस्त्री याला ‘श्वास’ म्हणतात. शिवाय खोलीचा प्रत्यक्ष आवाजही आम्ही तपासतो. गुळगुळीत फरशी, काच आणि कोऱ्या भिंती असलेल्या दिवाणखान्यात टाळी वाजवली तर ती घुमते, आणि तेथे बोलणेही कर्कश वाटते, गाणे तर दूरच राहिले. सतरंजी, गोधडी, पुस्तकांनी भरलेली उघडी फळी आणि जाड सुती पडदा एवढ्याने फरक पडतो. पुस्तके वेगवेगळ्या उंचीची असतील तर अधिकच चांगले, कारण आवाज निरनिराळ्या दिशांना विखुरतो. नीटनेटकेपणाच्या नावाखाली पुस्तके बंद कपाटात ठेवणाऱ्यांना हे कारण पटते, बाकीची पटत नाहीत.

नव्या उमेदवारांना आम्ही कामावर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाठवतो. अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी, कोरीव दारे अशा रोजच्या वस्तू तेथे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या कर्त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. एक अडकित्ता निवडून त्याचे रेखाटन करून आणायचे, एवढेच काम असते. मोबाइलने काढलेले छायाचित्र चालत नाही, आणि याबाबत छायाचित्रकार पत्नी माझ्यापेक्षा कडक आहे.

धंद्याच्या दृष्टीने या पद्धतीचे तोटे आहेत. लाकूड पाहिल्याशिवाय आम्ही पक्का दर सांगत नाही, आणि दिवाळीपूर्वी घर तयार हवे अशा घाईची कामे हातची जातात. भोके असलेल्या मेजावर सवलत मागणारे अजूनही भेटतात. भोके तशीच ठेवून कडा घासण्यात गेलेले तास आम्ही त्यांना हिशेबात लिहून दाखवतो. यंदा मिरजेच्या वाद्यांसाठी तंबोऱ्याच्या बैठका आणि भिंतीतील कपाटे करण्याचे काम चालू आहे. वाद्याला ओल लागू नये आणि घोडीवर दाब येऊ नये, यासाठी कपाटाची खोली प्रत्येक भोपळ्याच्या घेरानुसार बदलावी लागते, त्यामुळे ग्राहकाने वाद्य घेऊन कार्यशाळेत यावे, अशी आमची अट आहे.