तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ती’ गोळी आणि अँटिबायोटिक

‘अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे, मग ती गोळी घेतली तर चालेल का?’ ‘ती’ म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठीची, व्हायग्रासारखी गोळी. मी फार्मासिस्ट आहे. हा प्रश्न मला बहुधा बाकीची माणसं निघून गेल्यावर, हळू आवाजात विचारला जातो. मी आधी अँटिबायोटिकचं नाव विचारतो. सगळं त्यावरच आहे.

व्हायग्रातलं औषध म्हणजे सिल्डेनाफिल. त्याचा निचरा मुख्यतः यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम करतं. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन नेमकं तेच अडवतात. एरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं ५ दिवस दिल्यावर शरीराला मिळणारं सिल्डेनाफिल १८२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जवळपास तिप्पट झालं. म्हणून अशा वेळी सिल्डेनाफिल २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याचा सल्ला असतो. नाहीतर डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, उठताना चक्कर येते. तापाने आधीच पाणी कमी झालेल्या अंगाला तर रक्तदाब उतरलेला आणखी जाणवतो. सिप्रोफ्लॉक्सासिननेही सिल्डेनाफिल वाढतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र एरिथ्रोमायसिनचंच भावंड असूनही हा त्रास देत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनचंही तसंच.

मला जास्त काळजी वाटते ती रिफॅम्पिसिन घेणाऱ्या टीबीच्या रुग्णांची. तिथे सगळं उलटं होतं. एन्झाइम इतकं वाढतं की टाडालाफिलचं, म्हणजे याच कामाच्या दुसऱ्या गोळीचं, प्रमाण ८८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आहे. गोळीचा गुण येत नाही. टीबीचे उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि तेवढा काळ माणूस मनात धरून बसतो की आपल्यातच काही संपलं. बायकोशीही बोलत नाही. मग कुणी स्वतःच डोस दुप्पट करतो. रिफॅम्पिसिन थांबलं की साधारण दोन आठवड्यांत एन्झाइम पूर्ववत होतं, आणि तोच दुप्पट डोस आता पुरेपूर लागू पडतो.

छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेत असाल, तर अँटिबायोटिक असो वा नसो, ही गोळी घ्यायचीच नाही. ताठरता ४ तासांवर टिकली तर लगेच हॉस्पिटल गाठा, लाजेपायी सकाळची वाट पाहू नका.

‘आणखी काही औषधं चालू आहेत?’ या प्रश्नावर लोक बीपीची सांगतात, शुगरची सांगतात आणि ही गाळतात. डॉक्टरांनी स्वतःहून हिचं नाव घेऊन विचारावं, असं मला फार वाटतं. तोवर, तोंडाने सांगायला जड जात असेल तर गोळ्यांची पट्टी नुसती समोर ठेवा. नाव मी वाचून घेईन.