बारा राशी आणि एका वेळी एक सूर

‘द झोडिअ‍ॅक: कॉस्मिक साउंड्स’ ही रेकॉर्ड १९६७ सालची, इलेक्ट्रा कंपनीची. बारा राशी, प्रत्येक राशीला एक तुकडा. कव्हरच्या मागे मोठ्या अक्षरांत सूचना आहे, की ही अंधारातच ऐकावी. मी ती पाळली. मे महिन्यात अमळनेरला रात्रीचे लाइट गेले, तेव्हा गच्चीवर गोधडी टाकून, हेडफोन लावून पूर्ण ऐकली.

मी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. माझ्याकडे शेकडो टोन तयार आहेत. बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की व्हायोलिन. म्हणून या रेकॉर्डवर मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं यंत्र, वाजवणाऱ्या पॉल बीव्हरचं काम मला थक्क करतं. त्याच्या मूगमध्ये टोन भरलेलेच नव्हते. कपाटासारखं धूड, त्यावर नॉब आणि सॉकेटच्या रांगा. सूर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरची वायर आवाज गाळणाऱ्या फिल्टरला, फिल्टरची पुढे अ‍ॅम्प्लिफायरला, मग नॉब फिरवत बसायचं, तेव्हा कुठे एक आवाज हाती लागायचा. सेव्ह करायची सोय नाही, वायरी काढल्या की आवाज गेला. शिवाय एका वेळी सूर एकच निघणार, कॉर्ड, म्हणजे एकत्र तीन-चार सूर, धरताच येत नाही. आणि यंत्र तापलं की सूर सरकायचा, आपली ढोलकी उन्हात चढते तसा.

संगीत मॉर्ट गार्सनचं. जुलियार्डमध्ये शिकलेला, १९६३ चं गाजलेलं ‘अवर डे विल कम’ त्याच्याच चालीचं. त्यानं मशीनला एकटं सोडलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरोल के, बासरीवर बड शँक, सगळे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत मुरलेले. वर सायरस फरियारचं संथ निवेदन. कर्केला त्यांनी ‘मून चाइल्ड’ म्हटलंय, सिंहेला ‘लॉर्ड ऑफ लाइट्स’. आपल्याकडेही कर्केचा स्वामी चंद्र आणि सिंहेचा सूर्यच. मला ते ऐकून फार आनंद झाला.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला, की वरातीत गाण्याआधी एकच सूर धरून, पिच व्हीलवर, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकावर, लांब ओढायचा माझा विचार आहे. प्रॅक्टिसला वाजवून दाखवला, तर ऑक्टापॅडवाला म्हणाला, “हाई काय शे भो?” त्याला मेष राशीचा तुकडा लावून दिला आणि फक्त ड्रम ऐक म्हटलं. आता तो हॅल ब्लेनचं आणखी काय काय आहे ते विचारत माझ्या मागे लागलाय.