आजची फ्युगॉइड चाचणी
फ्युगॉइड म्हणजे वेग आणि उंची यांची अदलाबदल होत विमानाचे संथपणे वर-खाली झुलणे. ते तपासायला विमान स्थिर वेगाला ट्रिम करायचे (स्टिक न धरताही तो वेग टिकेल असे जुळवायचे), नाक किंचित वर उचलून वेग सुमारे १० नॉट कमी होऊ द्यायचा, स्टिक हलकेच मूळ जागी आणून सोडायची आणि मग वेग व उंचीतील चढउतार फक्त नोंदवत बसायचे. हात आवरणे हाच यातला अवघड भाग, असे मला आज पुन्हा वाटले.

सेकंदाला ५० मीटर वेगासाठी ब्रिटिश अभियंते लँचेस्टर यांच्या सूत्राने आवर्तनकाल (एका पूर्ण आंदोलनाचा वेळ) सुमारे २३ सेकंद येतो आणि त्या सूत्रात विमानाचे वजन कुठेही येत नाही, याचे नवल अजून ओसरलेले नाही. आंदोलने विरायला मात्र बराच वेळ लागला. लिफ्ट (विमानाला उचलणारे बल) आणि ड्रॅग (हवेचा रोध) यांचे गुणोत्तर जितके चांगले, तितके हे अवमंदन, म्हणजे आंदोलनांचे विरणे, क्षीण; म्हणजे कामगिरीच्या तक्त्यात मिरवणारा गुण स्थैर्याच्या तक्त्यात थोडा नडतो.