कार्यक्रम नसलेली ट्रिप

गल्फमधल्या आपल्या लोकांची वाळवंटाची ट्रिप साधारण ठरलेलीच असते. डेझर्ट सफारीचं पॅकेज, टेकाडांवरून आदळणारी जीप, उंटावर बसून फोटो, तंबूत बफे, परत. वाईट नाही ते, पाहुणे आले की मीही नेतोच. पण ओमानी मित्रांबरोबर शर्किया सँड्सला, म्हणजे जुन्या नावाने वहीबा सँड्सला जायचं असेल तर डोक्यातलं टाइमटेबल मस्कतलाच ठेवून निघावं, कारण त्यांच्याकडे कार्यक्रम असा नसतोच.

आता बघा, मस्कतहून वाळवंटाच्या कडेच्या बिदिया गावाला पोचायला अडीचएक तास पुरतात, रस्ता मख्खन. पण वाटेत करक, म्हणजे दाट, कडक दुधाचा चहा लागतोच. दुकानासमोर गाडी लावायची, उतरायचं नाही, हॉर्न द्यायचा, बहुतेक वेळा एखादा मल्याळी पोरगा येतो आणि कागदी कपात चहा आणि पराठ्यात चीज नि चिप्स ओमानचा चुरा गुंडाळलेला रोल खिडकीतून देतो. पराठ्यात बटाट्याचे चिप्स ऐकायला कसंतरीच वाटतं, पण आपण मिसळीवर फरसाण घालतो तेव्हा कुठे विचार करतो. पुढे पेट्रोल पंपावर ओळखीचं कुणीतरी भेटतं, मग तब्येत कशी, वडील कसे, उंट कसे, हे सगळं सावकाश, आणि मी घड्याळ बघितलं की मित्र हिंदीत म्हणतो, "भाई, रेत कहीं नहीं जाएगी."

वाळू सुरू व्हायच्या आधी सगळे उतरून टायरची हवा काढतात, हे मात्र गंभीरपणे. तीस-पस्तिसावरून सरळ पंधरा-अठरा पीएसआयवर. एकजण उकिडवा बसून व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून धरतो, सूऽऽ चालू, दुसरा टायर किती पसरला ते वाकून बघतो, तिसरा नुसताच सल्ले देतो (हा तिसरा जगात सगळीकडे असतो). पसरलेला टायर वाळूवर जास्त जागा धरतो म्हणून रुतत नाही. आत गेल्यावर ब्रेक मारायचा नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची आणि थांबवताना तोंड उताराकडे ठेवायचं, म्हणजे निघताना ढकलायला लागत नाही. सकाळी थंड, दमट वाळू घट्ट असते, दुपारी तीच भुसभुशीत होते, म्हणून मित्र रस्ता विचारण्याऐवजी किती वाजले ते विचारतो, आणि अख्ख्या दिवसात घड्याळाचा उपयोग झाला तो एवढाच.

या वाळवंटात झाडं आहेत हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. पूर्वेच्या कडेला घाफची चक्क राई आहे. घाफ म्हणजे आपली शमी, तीच, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. मुळं खोल पाण्यापर्यंत जातात, शिवाय समुद्रावरून येणारं धुकं आणि दव असतंच. मी दसऱ्याचं आणि पांडवांचं सांगितलं तर मित्र म्हणाला, इकडे लपवली असती तर उंटांनी पाला खाऊन दोन दिवसांत उघडी पाडली असती.

संध्याकाळी त्याच्या काकांच्या शेडखाली चटई, खजूर, कहवा (म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी). कहव्याचा कप बिनकानाचा, इवलासा, त्यात तळाला घोटभर ओततात आणि रिकामा झाला की पुन्हा, पुन्हा, आपण कप हातात थोडा हलवून परत देईपर्यंत. काकांना हिंदी येत नाही, पुतण्या दुभाषा. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, तुमच्या गावाला पाऊस किती. मस्कतला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो, मी रत्नागिरीचा, म्हटलं तीन हजाराच्या वर. त्यांनी पुतण्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हटलं जून ते सप्टेंबर, कधीकधी दिवसच्या दिवस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. काका बराच वेळ दाढीवरून हात फिरवत बसले, कप भरून माझ्या पुढे केला आणि काहीतरी बोलले, त्यावर सगळे खो खो हसायला लागले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, मग हा इथे काय करतोय?"