हजेरीपटात नाव नव्हतं

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज आठ दिवसांनी कॉम्प्युटर नव्या प्रोसेसरवर चालू झाला. आत्ताच लिहून ठेवतोय, कारण उद्यापासून ऑफिस, मग काय केलं कसं केलं सगळं विसरायला होतं, आणि मला हे विसरायचं नाहीये.

आधी हे की बदल का केला. अप्पा रिटायर झाल्यापासून अहिराणी शब्द गोळा करतात, एक्सेलमध्ये, शब्द एका कॉलममध्ये, अर्थ दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला ते. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना प्रमाण मराठी शिकवली, आता म्हणतात घरची भाषा लिहायची राहून गेली. तर ते ज्या मशीनवर बसतात त्यात रायझेन ३ २२००जी हा प्रोसेसर होता, २०१८ चा, आणि विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. मशीन तसं ठणठणीत होतं, पण अप्पांची फाईल अपडेट न मिळणाऱ्या सिस्टीमवर ठेवायची मला भीती वाटायला लागली. म्हणून नवा प्रोसेसर, ५६००जी, घेतला. मुद्दाम जी वाला, कारण आमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही आणि साध्या ५६०० मध्ये डिस्प्लेची सोयच नसते, मित्राने तो घेतला आणि दोन दिवस काळ्या स्क्रीनकडे बघत बसला होता.

मागच्या रविवारी सकाळी बसवला. मशीन दहा मिनिटं चालवून गरम केलं म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट मऊ होते, मग प्लग काढून कूलरचे चार स्क्रू सोडवले आणि कूलर हळूहळू डावीउजवीकडे फिरवत वर घेतला, सरळ ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो, एएम४ नावाच्या या सॉकेटला हा त्रास आहेच. नवा अलगद बसला. लिव्हर खाली. पेस्ट, कूलर, वायरी. बटन दाबलं, पंखे फिरले, आणि स्क्रीनवर काहीच नाही. मदरबोर्डवर चार बारीक लाईट आहेत, सीपीयू, रॅम, डिस्प्ले आणि बूट, त्यातला सीपीयूचा लाल होऊन तसाच राहिला.

पोटात गोळा आला. दिवसभर जे सुचेल ते केलं. रॅम काढून खोडरबरने घासून एकच स्टिक लावून पाहिली, प्रोसेसरची वेगळी पॉवर वायर नीट बसलीय का ते पाहिलं, बोर्डवरचा सेल काढून पंधरा मिनिटांनी परत लावला, दुसरी एचडीएमआय लावली. लाल ते लालच. संध्याकाळी अप्पा दारात येऊन उभे राहिले. "व्हयनं का चालू?" मी म्हटलं नाही अजून. ते काही बोलले नाहीत, आत गेले. आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे आते, जेवी ले पहिले." भरीत आणि कळण्याची भाकरी होती, हिवाळ्यातलं माझं सगळ्यात आवडीचं जेवण, आणि चव कळली नाही.

मंगळवारी सुट्टी टाकून कॅबिनेट मांडीवर घेऊन अमळनेरहून रेल्वेने जळगावला गेलो. दुकानदाराने बटन दाबलं, अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला बोर्ड गेला, नवा टाका. झाकणसुद्धा उघडलं नाही. मला याचा खरंच राग आला, अजून आहे, कारण समोरच्याला कळत नाही म्हणून चालू बोर्ड भंगारात काढायला सांगायचं हे बरोबर नाही, किती लोक त्याच्या शब्दावर पैसे मोजून येत असतील. मी काही न बोलता परत आलो. गाडीत सारखं वाटत होतं की चालू मशीनला मी हात लावला, तेही अप्पांना न विचारता.

त्याच रात्री बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर प्रोसेसरची यादी उघडली, हे खरं तर आधी करायचं होतं. ५६००जी आहे यादीत, पण त्याच्यासमोर बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामचं, व्हर्जन दिलेलं असतं, त्या व्हर्जनपासून पुढेच चालतो. माझा बोर्ड बी४५०, तोही २०१८ चा, आणि बायोस डब्यातून आला तोच, कधी अपडेट केलाच नव्हता. प्रोसेसर २०२१ चा. सॉकेट तेच, पिना तेवढ्याच १३३१, बसतोही झकास, पण बोर्डाला तो ओळखताच येत नाही.

अप्पांना हे सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे पोरगा वर्गात येऊन बसलाय पण हजेरीपटात नाव नाही. मी म्हटलं अगदी तसंच. म्हणाले, मग नाव चढव. आता खरी अडचण तीच होती, माझ्या बोर्डावर बायोस अपडेट करायला मशीन चालू पाहिजे, चालू व्हायला बोर्ड ओळखतो असा प्रोसेसर पाहिजे, आणि जुना प्रोसेसर मी सोमवारीच धुळ्याला जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर भाच्याला पाठवून दिला होता. काही बोर्डांना बिनप्रोसेसरचा पेनड्राईव्हवरून फ्लॅश करायचं, म्हणजे नवा बायोस चढवायचं, बटन असतं, माझ्याला नाही.

कॅलेंडर मला त्या वेळी दिसलं. अप्पा गादीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला पट्टीने तीन रकाने आखून शब्द लिहीत होते. एक्सेलमध्ये असतात तसेच तीन. तीन दिवसांत त्यांनी एकदाही म्हटलं नाही की माझी फाईल गेली का. फाईल एसएसडीत आहे, प्रोसेसरशी तिचा काही संबंध नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात फक्त लाल लाईट होता. त्या रात्री सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला.

काल भाचा आला. प्रोसेसर प्लास्टिकच्या खोक्याशिवाय, नुसत्या कागदात गुंडाळून पँटच्या खिशात. कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या. पोरगा रडायच्या बेतात, त्याला काय ओरडणार. अप्पांचं वाचायचं भिंग घेतलं, मेकॅनिकल पेन्सिलीतलं लीड काढून टाकलं, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर अलगद घालायचं आणि केसभर, अगदी केसभर सरळ करायचं, मग सगळ्या बाजूंनी ओळीत दिसते का पाहायचं. एका दमात सरळ करायला गेलं की पीन तुटते. भिंग भाच्याने धरलं होतं, टॉर्च अप्पांनी. पाऊण तास कोणी बोललं नाही. मग प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला आणि स्वतःच्या वजनाने खाली गेला, जोर लावावा लागला नाही, तेव्हा श्वास सोडला.

जुन्या प्रोसेसरवर विंडोज आलं. सगळ्यात आधी अप्पांची फाईल दोन पेनड्राईव्हवर आणि माझ्या मेलवर. मग बिटलॉकर, म्हणजे ड्राईव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय, बंद आहे ना ते पाहून घेतलं. आज सकाळी बायोसची फाईल फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राईव्हवर टाकली, मशीन इन्व्हर्टरवर घेतलं, कारण फ्लॅश चालू असताना लाईट गेली तर बोर्ड खरंच जातो आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. चार-पाच मिनिटं टक्के वर चढत होते तोवर मी आईला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही.

परत ५६००जी बसवला. पंखे फिरले, लाल लाईट लागला, मिनिटभर तसाच राहिला, आणि विझला. स्क्रीनवर इंग्रजीत आलं की नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रीसेट करायचं तर वाय दाबा, नाहीतर एन. एफटीपीएम म्हणजे असल्या कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी जागा. बिटलॉकर चालू असता आणि रिकव्हरी की हाताशी नसती तर इथे वाय दाबून ड्राईव्हला कुलूप लागलं असतं, अप्पांच्या सगळ्या शब्दांसकट. मागच्या रविवारी पहिल्याच झटक्यात चालू झाला असता तर मी हे न बघताच वाय दाबलं असतं. ते मनात आलं आणि हात थांबला. काल पाहिलेलं होतं, तरी दोन्ही पेनड्राईव्ह खिशात आहेत का ते चाचपून मग दाबलं.

विंडोज ११ दुपारी टाकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अप्पा सात वाजल्यापासून बसलेत. कॅलेंडरची चार पानं झाली होती, एकेक शब्द चढवतायत, चढवला की पेन्सिलीने बारीक टिक करतात. मधेच आईला हाक मारून विचारलं, हा शब्द तुझ्या माहेरी कसा म्हणायचे, ती पोळपाट सोडून सांगायला आली. कॅबिनेटचं झाकण अजून उघडंच आहे, स्क्रू स्वयंपाकघरातल्या बशीत आहेत. चौथं पान चालू आहे.