सान हुआनची संत्री आणि एक मतदार कार्ड

ऑक्टोबर २०२४मध्ये न्यूअर्कहून सान हुआनला निघालो, तेव्हा प्वेर्तो रिकोविषयी मला एवढेच ठाऊक होते की हे बेट अमेरिकेचेच आहे आणि तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही. पहिले दोन दिवस समुद्रकिनाऱ्यावर गेले. किनारा सुंदर होता, गर्दी फार होती. त्याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

जुन्या सान हुआनमध्ये, निळसर झाक असलेल्या घोटीव दगडांच्या एका गल्लीत मी उतरलो होतो. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने संत्री सोलून बशीत मांडून ठेवत. इतके अगत्य मी महागड्या हॉटेलांतही अनुभवलेले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना अभिमानाने सांगितले की साताऱ्यात जन्मलेल्या माझ्या धाकट्या भावाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असून यंदा तो राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत देणार आहे. बाईंनी सुरी खाली ठेवली, आत गेल्या आणि कडा मऊ पडलेले, घडीवर विरलेले फ्लोरिडाचे मतदार कार्ड घेऊन आल्या.

“मी जन्मापासून नागरिक आहे,” त्या म्हणाल्या. “ऑर्लँडोला सहा वर्षे होते, तेव्हा मत दिले. आईच्या आजारपणासाठी घरी परतले आणि माझे मत तिकडेच राहिले.”

ती रात्र मी वाचनात घालवली. अमेरिकेने १८९८मध्ये स्पेनकडून हे बेट घेतले आणि १९१७मध्ये इथल्या लोकांना नागरिकत्व दिले. इथल्या तरुणांनी अमेरिकेच्या सैन्यातून युद्धे लढली. त्यांची ६५वी पायदळ पलटण कोरियात लढली. तरीही राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचक राज्यांच्या वाट्याला येतात, आणि प्वेर्तो रिको राज्य नाही. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात या बेटाचा एकच आयुक्त बसतो आणि विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्याला मत नसते. २०२४च्या इथल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे होती, पण ते मतदान केवळ प्रतीकात्मक होते. सर्वांत जास्त जिव्हारी लागली ती पुढची गोष्ट. माझा भाऊ उद्या साताऱ्याला राहायला आला, तरी न्यू जर्सीचा मतदार म्हणून टपालाने मत देऊ शकेल. तोच सान हुआनला राहायला गेला, तर त्याला ते मत देता येणार नाही.

या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या खटल्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा खटला संत्र्यांचा आहे, हे वाचून मला सकाळची बशी आठवली. सान हुआनहून न्यूयॉर्कला गेलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात आकारली गेली. देशभर जकात एकसारखी असावी असे राज्यघटना सांगते, म्हणून डाउन्स या व्यापाऱ्याने दाद मागितली. १९०१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हे बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण त्या कलमापुरते अमेरिकेचा भाग नाही. पुढे १९२२मध्ये, नागरिकत्व मिळून पाच वर्षे झाली असतानाही, ज्युरीसमोर खटला चालवण्याचा घटनात्मक हक्क इथे लागू नाही असे ठरले. २०२२च्या निकालात तर न्यूयॉर्कहून बेटावर परतलेल्या एका अपंग माणसाला तिकडे मिळणारे केंद्रीय साहाय्य इथे नाकारणे घटनाबाह्य नाही, असे आठ विरुद्ध एक मतांनी ठरले. त्या निकालाशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती गोरसच यांनीही लिहिले की त्या जुन्या खटल्यांना राज्यघटनेचा आधार नाही, ते वांशिक पूर्वग्रहांवर उभे आहेत.

भाऊ फोनवर म्हणाला, “पण दादा, बेटावरच्या कमाईवर बहुतेकांना केंद्राचा प्राप्तिकर भरावा लागत नाही.” ते खरे आहे. मात्र सामाजिक सुरक्षेचा आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचा कर ते भरतात. आणि कर न भरणाऱ्या गरिबाचे मत न्यू जर्सीत कोणी काढून घेत नाही. माझ्या दृष्टीने त्या सवलतीने मताची भरपाई होत नाही.

शेवटच्या दिवशी एल मोरो किल्ल्यावर गेलो. तिथे तीन ध्वज शेजारी शेजारी फडकतात: अमेरिकेचा, प्वेर्तो रिकोचा आणि जुन्या स्पॅनिश सैन्याचा लाल वेडावाकडा क्रूस असलेला. विमानतळावर परतीच्या सामानाची शेतमालासाठी वेगळी तपासणी झाली. फळांबरोबर कीड जाऊ नये म्हणून ती असते हे मला समजत होते, तरी पिशवीवर चिठ्ठी चिकटवली जात असताना ती जकात मनातून जाईना.

न्यू जर्सीत भावाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टपाली मतपत्रिकेचे पाकीट न उघडलेले पडले होते. “भरतो रे दादा, अजून वेळ आहे,” तो म्हणाला. मी त्याला त्या कार्डाविषयी सांगितले. त्याने जेवणाआधी मतपत्रिका भरली, पाकिटावर सही केली आणि जेवणानंतर आम्ही दोघे चालत जाऊन ती मतपेटीत टाकून आलो.