नाव मँटनचं, नळी बर्मिंगहॅमची

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं, की जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माळ्यावरून आलेली आपली एकनळी चकमकी (गारगोटीच्या ठिणगीनं उडणारी) बंदूक लंडनच्या नामांकित बंदूककार जोसेफ मँटनची आहे. ते वाक्य परत घेतो. ज्यांनी तेव्हाच "जरा दमानं" म्हटलं होतं, त्यांना माझ्याकडून एक मिसळ लागू.

नव्यांसाठी थोडक्यात. वाडा पाडायला काढला, तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "घेऊन जा बाबा, भंगारात नको जायला." नळी बुडाशी दोन ठिकाणी चिरलेली आहे, दुरुस्त करूनही तिच्यातून बार निघणार नाही. कालबाह्य नमुन्याचं किंवा पुरातन मूल्याचं आणि दुरुस्तीनंतरही न चालणारं हत्यार १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून कलम ४५ ने वगळलं आहे. तरी आजींचं पत्र, फोटो आणि पोलिसांना लेखी कळवल्याची पोच फायलीला लावली. या कामात आळस नको.

त्याआधीचं काम म्हणजे बंदूक भरलेली आहे का ते बघणं. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच भिंतीवर टांगायची पद्धत होती आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही जुनी असली तरी पेटते. गज नळीच्या बाहेर धरून रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूच्या, छिद्रापर्यंतची लांबी खुणेनं बांधायची, मग तोच गज तोंडातून आत सोडायचा. माझा गज खुणेच्या चार बोटं अलीकडेच अडला. घाम फुटला! परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्यांनी माझ्यासमोर नळी मोकळी केली. आतून निघालं कुंभारमाशीचं घर. सुकलेली माती, बाकी काही नाही. ते गृहस्थ अजून भेटले की "माशी काय म्हणते?" विचारतात.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजी शिकारी बंदुकीत नळी दस्त्याला एका आडव्या पाचरेनं धरलेली असते आणि मागे अडकवायचा हुक असतो. पाचर काढली की नळी पुढून उचलून वेगळी होते. माझी पाचर गंजून बसली होती. रोज एक थेंब तेल, असं अकरा दिवस. हातोडी घेतली असती तर दहा मिनिटांत निघाली असती आणि लाकडाचा टवकाही.

नळीच्या पोटाला चाचणीचे शिक्के असतात. लंडनचे म्हणजे मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी'. माझ्या नळीवर निघाले मुकुट आणि एकमेकांवरून गेलेले राजदंड, कोनांत अक्षरं. हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का, आणि ते गृह १८१३ मध्ये झालं. म्हणजे नळी त्यानंतरची, आणि बर्मिंगहॅमची. मँटनच्या नावाला त्या काळी एवढा भाव होता, की ते नाव घातलेल्या नकली बंदुका ढिगानं निघाल्या. माझ्या लॉकप्लेटवरच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या बाहेरच्या लोखंडी पाटीवरच्या) नावात तर एक 'टी' जास्तीचा आहे. तो मी तीन महिने 'कारागिराची लकब' म्हणून डोळ्याआड करत होतो, हे कबूल करतो.

पण नळी बदललेली असू शकते, म्हणून लॉकप्लेटचा निकाल वेगळा लावायचा होता. त्यासाठी गेलो भांडी बाजारात, भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांकडे. आता सगळीकडे विजेची मशीन आली, हे अजून छिन्नी-हातोडीनं घालतात. ऑगस्टात गेलो तेव्हा गोदावरीला पूर, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी होतं, दुकान बंद. पुढच्या आठवड्यात गेलो तर काका गाळ काढत होते. बंदूक न्यायची नव्हती, फक्त सुटी पाटी रुमालात गुंडाळून नेली. साडेपाच इंची पाटी, मागच्या टोकाला एक पाय उचलून उभा शिकारी कुत्रा, पुढे गवत, गवतातून उडालेला तितर.

काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुत्रं काढणारा माणूस मोठा होता. केस बघा. हातानं रेटून काढलेत, ठोका कुठंच नाही. किनारीची वेल मात्र ठोक्याची." मी म्हटलं, "आणि नाव?" त्यांनी माझं बोट धरून नावावरून फिरवलं. "काय लागतंय?"

खळगा लागला. अगदी उथळ. डोळ्यांना दिसत नव्हता, बोटाला लागला.

"सासूचं नाव घासून सुनेचं घालून द्या म्हणून येतात की बायका," काका म्हणाले. "घासलं की पत्रा बसतोच. इथं आधी दुसरं नाव होतं."

नाव घालणारा हात कुत्रं काढणाऱ्या हातापेक्षा वेगळा आहे, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. अक्षरं आणि चित्रं वेगवेगळ्या माणसांनी कोरणं हे कारखान्यात नेहमीचंच. खरा पुरावा गंजाच्या खड्ड्यांत मिळाला. कुत्र्याच्या पाठीवरची रेघ खड्ड्यापाशी तुटते, म्हणजे रेघ आधीची, गंज नंतरचा. 'मँटन'मधली 'एन'ची उभी रेघ मात्र खड्ड्यात उतरून पलीकडे चढते. गंज आधी, नाव नंतर.

एक चांगली बातमीही आहे. ही बंदूक टोपीची (ठिणगीऐवजी स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीवर उडणारी) करून परत चकमकीची केलेली नाही. तसं केलं असतं तर चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी झडपेच्या स्क्रूची छिद्रं बुजवलेली दिसली असती. स्कॉटलंडच्या फोर्सिथ पाद्रीबुवांनी १८०७ मध्ये ठोक्यानं पेटणाऱ्या स्फोटकावर चालणाऱ्या नव्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, कारण रंजकाचा भडका बघून पाखरं गोळी पोचण्याआधीच निसटत. पुढे त्यातूनच टोप्या आल्या आणि असंख्य चकमकी बंदुकांचे कान, म्हणजे रंजकाच्या वाट्या, कापले गेले. हिचे शाबूत आहेत. चापाच्या कडीपुढचा कोरलेला अननसही.

एक चूक मात्र भोवली. अननसावरचा मळ काढायला मी चिंच लावली, तांब्याची भांडी घासतात तशी. दोन खवले सपाट झाले आणि लोखंड राखाडी पडलं. आता फक्त मऊ फडकं, थोडं तेल आणि वर मेणाचा पातळ हात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरवड्याला बदलून.

तो खोटा 'मँटन' घासून टाकणार नाही. तोही आता दोनशे वर्षांच्या घरात आलाय. रविवारी काकांकडे परत जातोय, अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून खळग्याचे फोटो काढायला. काल घरी प्रयत्न केला तेव्हा 'टी'च्या डावीकडे एक वळण दिसलं. 'एस' असेल, नाहीतर माझ्याच फडक्याचा ओरखडा.